लाल ताऱ्याशेजारचा ठिपका

बसने वळण घेतलं आणि शेजारच्या तरुणाच्या मांडीवरचा केकचा डबा थेट स्वान्त्येच्या कुशीत आला.

"वाचवलात!" तो हसला. "वेधशाळेत पाहुण्या यायच्यात, कील शहरातून. फार कडक बाई आहेत."

"असं? कुणी सांगितलं?"

"त्यांच्या पत्रांनीच. एका पत्रात अकरा प्रश्न!"

"बारा होते," स्वान्त्ये म्हणाली.

तो कानांपर्यंत लाल झाला. वेधशाळेतल्या जुन्या काचा, म्हणजे काचेवर घेतलेले आकाशाचे फोटो, सांभाळणारा टिलमान तो हाच!

छोट्या, थंड लाल ताऱ्यांभोवती कुणी जोडीदार तारा फिरतो का, हे स्वान्त्ये शोधत होती. सदतीस ताऱ्यांपाशी अंधुक ठिपके दिसले होते, त्यातल्या एका ठिपक्याची तर तिला जवळजवळ खात्रीच होती. तिचा पहिलावहिला शोध! आईने तर शेजारीपाजारी सांगूनही टाकलं होतं. पण लाल तारा जवळचा, भराभर सरकणारा. ठिपका खरंच त्याचा जोडीदार असेल, तर तोही त्याच्याबरोबर सरकत आला असणार. म्हणजे आज ठिपका दिसतो ती जागा सत्तर वर्षांपूर्वीच्या काचेवर रिकामी हवी. तिथे तारा असला, तर तो मागचा कुणीतरी दूरचा, आणि सगळं मुसळ केरात.

वेधशाळेत पोचल्यावर टिलमानने ती जुनी काच दिव्यावर ठेवली, भिंग पुढे केलं. स्वान्त्ये श्वास रोखून वाकली.

जागा रिकामी नव्हती.

तिचे डोळे भरून आले. टिलमानने रुमाल पुढे केला... इस्त्रीचा, कोरा करकरीत. ती त्याच्याकडे बघतच राहिली.

"रुमाल तयार ठेवला होतात? म्हणजे तुम्हाला माहीत होतं!"

"तुमचं पत्र आलं त्याच दिवशी बघितलं," तो पुटपुटला.

"मग एक ओळ लिहायची की! सहा तास प्रवास केलाय मी!"

"लिहिली होती. चारदा. पण ती वाचताना तुम्ही एकट्या असाल, म्हणून..." तो अडखळला. "आणि— खोटं कशाला बोलू— इतके प्रश्न पडणारं माणूस दिसतं कसं, ते बघायचं होतं."

तिला राग आला, चांगलाच आला. पण हा माणूस चार वेळा बसून ती एक ओळ लिहीत होता, हे काही केल्या तिच्या मनातून जाईना.

"उरलेल्या छत्तिसांचंही बघून ठेवलंय?"

"नाही हो, शपथ!"

"मग एकट्याने बघू नका. उत्तर आधीच ठाऊक असलेला माणूस मला शेजारी नको. माझ्याबरोबर अंदाज चुकणारा हवाय."

टिलमानने डबा उघडून आलुबुखाऱ्याच्या केकचा मोठा तुकडा तिच्यापुढे सरकवला आणि दुसरी काच दिव्यावर ठेवली.

"इथली जागा रिकामी असणार," तो म्हणाला. "लावता पैज? हरलात तर परतीची चारची बस सोडायची."

"आणि जिंकले तर?"

"तर..." तो घाईने भिंग पुसू लागला.

"जिंकले तरी सोडीन," स्वान्त्ये म्हणाली.