उजव्या दाराकडची जागा

इंजिन जाम झालं असेल तर घाई करू नये. गिअरबॉक्सचं तेल आणि अ‍ॅसिटोन निम्मं-निम्मं मिसळायचं, सहाही सिलिंडरांत ओतायचं आणि आपल्या कामाला लागायचं. दिवसातून एकदा जाऊन फ्लायव्हीलला पहारीने हलकासा रेटा द्यायचा. एकवीस दिवस तो पिकअप ढिम्म राहिला. बाविसाव्या दिवशी केसभर हलला. मी तिथेच शेडमधल्या मातीत बसून सँडविच खाल्लं. याहून मोठा समारंभ एकटीने काय करणार?

सत्तेचाळीस सालचा शेवरोलेट. हिरवा, म्हणजे जिथे रंग उरलाय तिथे हिरवा. आधी वडिलांचा, मग माझा भाऊ ड्वेन याचा. एकोणऐंशीच्या मार्चमध्ये ड्वेन त्यातून निघाला तो परत आला नाही. आमच्या घरापासून चार मैलांवर, वाळक्या कॉटनवुडच्या झाडापाशी रस्ते एकमेकांना छेदतात, तिथे गाडी उभी सापडली. किल्ली जागेवर, टाकीत पेट्रोल. उघडं होतं ते फक्त उजवं दार, म्हणजे चालवणाऱ्याचं नव्हे, शेजारी बसणाऱ्याचं. ड्वेन घरून एकटाच निघाला होता. शेरिफने हे कागदावर लिहून घेतलं. पुढे त्या कागदाचंही काही झालं नाही.

तो बावीस वर्षांचा होता, मी चौदा. याच गाडीत तो मला चालवायला शिकवत होता. पहिला गिअर त्याने शिकवला, दुसरा अर्धा राहिला. त्यानंतरचं सगळं, गाड्या खोलून दुरुस्त करण्यासकट, मी माझं माझं शिकले.

आईने तेव्हापासून तेहेतीस वर्षं टेबलावर एक ताट जास्त मांडलं. या वर्षी तिने पंचाऐंशी ओलांडली, फेब्रुवारीत पायऱ्यांवरून पडली आणि दोन तास बर्फात पडून होती. म्हणून घरासकट शेत शेजारच्या लेलंड कुचेराला विकलं. ऑक्टोबरच्या पंधरा तारखेला ताबा द्यायचा होता. गावात माझ्या घरी तिची खोली तयार होती. आई हलायला तयार नव्हती.

"तो आला आणि घरात लेलंड दिसला तर काय म्हणेल?"

"लेलंड सांगेल ना त्याला आपण कुठे आहोत ते."

"लेलंडला स्वतःची बायको कुठे आहे ते सांगता येत नाही," आई म्हणाली. मग खिडकीतून शेडकडे बघत, "ती गाडी स्वतःच्या चाकांवर निघाली, तर मीही निघेन."

तिला वाटलं, हे कधी व्हायचं नाही. मी पहार उचलली.

सप्टेंबरअखेर गाडी चालू झाली. ब्रेक नवे, वायरिंग नवं, दोन्ही बाजूंचे स्प्रिंगचे पाटे नवे. सीटमधून उंदरांची तीन घरटी काढली. हीटर गंजून गेला होता, तो काढून टाकला. नवा मिळाला नाही. दुसरा गिअर मात्र झिजलेला होता. शेडमध्ये टाकून पाहिला की दर वेळी तो खरखरायचा.

रस्त्यावर खरखरला नाही. पहिल्याच दिवशी माझ्या तळव्याखाली गिअरचा दांडा असा गेला, जसा कुणीतरी खालून हात लावून न्यावा. नव्या तेलाचा गुण, असं मी मनाशी म्हटलं.

परत आल्यावर सवयीने टेप लावून पाहिली. शेडमधल्या सिमेंटच्या पट्टीवर मी गाडीची उंची निघताना मोजली होती, दोन्हीकडे सारखी. आता उजवी बाजू पाऊण इंच खाली होती. नवे पाटे बसताना असं होतं, पण दोन्हीकडे होतं. मी कॉफी पिऊन आले आणि पुन्हा मोजलं. सारखी.

आमच्याकडे समोरून गाडी आली की नमस्कारादाखल स्टिअरिंगवरचं बोट उचलतात. आमच्या तालुक्यातले लोक बोटं मोजून उचलतात: आत एक माणूस असेल तर एक, दोन असतील तर दोन. हिमवादळांच्या काळातली सवय आहे. नंतर शोधाशोध झालीच, तर गाडीत किती जण होते ते बोटांना आठवतं.

तिसऱ्या दिवशी लेलंड समोरून आला आणि त्याने दोन बोटं उचलली.

दुसऱ्या दिवशी मी त्याला कुंपणापाशी गाठलं. "लेलंड, चष्मा बदला आता."

"का गं पोरी?"

"काल दोन बोटं दाखवलीत. मी एकटी होते."

त्याने तोंडातली काडी या गालातून त्या गालात सरकवली. "तुझी आई असेल असं वाटलं."

"आई घरात नूडल्स लाटत होती."

"मग काचेवर ऊन आलं असेल," तो म्हणाला आणि नीट बसलेली तार पुन्हा आवळायला लागला.

त्या दिवशी आभाळ भरलेलं होतं, हे मला घरी आल्यावर आठवलं. आठवड्याभरात गॅसची टाकी भरणाऱ्याने दोन बोटं उचलली. टपाल वाटणाऱ्या बाईनेही. ती इथे येऊन तीनच वर्षं झाली होती. ड्वेनचं नावसुद्धा तिला माहीत नव्हतं.

आईला काही सांगायचं नाही, असं मी ठरवलं. जो येईल म्हणून ती ताट मांडते, तो या गाडीत असेल, तर तो कुठून आणि कसा आलाय हे ती लगेच ओळखेल.

पंधरा तारखेला सकाळी गवतावर पांढरं दव गोठलं होतं. सामान आधीच गेलं होतं. आई जाड कोट घालून, पर्स आणि कोलाचीचा, म्हणजे गोड पावांचा, डबा घेऊन बाहेर आली. गाडी सुरू होती. ती बराच वेळ इंजिन ऐकत राहिली. मग तिने उजवं दार उघडलं.

आणि तशीच उभी राहिली.

मग तिने दार अगदी हळू लावलं, आतल्याचं बोट सापडू नये अशा बेताने. पुढून वळसा घालून ती माझ्या बाजूला आली.

"मला इकडून घे," ती म्हणाली.

मी उतरले. ती चढली, सरकत सीटच्या मधोमध जाऊन बसली आणि दांड्याला वाट मिळावी म्हणून गुडघे माझ्याकडे वळवले. उजव्या दाराकडे एक माणूस मावेल एवढी जागा राहिली.

मी चढून दार ओढून घेतलं.

दुसरा गिअर लोण्यासारखा पडला.

दीड मैलावर लेलंड समोरून आला, घराचा ताबा घ्यायला. त्याने आमच्याकडे पाहिलं. तीन बोटं वर झाली, आणि मग दुसऱ्या हाताने त्याने डोक्यावरची टोपी काढली. आईने पर्सवरून एक बोट उचलून त्याला उत्तर दिलं.

कॉटनवुडपाशी आई म्हणाली, "थांबव."

मी थांबवली. इंजिन चालू ठेवलं.

आईने हात लांबवून उजवं दार उघडलं. थंड वारा आत आला. ती समोर, रस्त्याकडे बघत होती.

"जा आता," ती म्हणाली. शाळेच्या बसमध्ये चढवताना म्हणायची तशी. "तिला येतं चालवायला."

एखादा माणूस सावकाश उतरेल, इतका वेळ तिने दार धरून ठेवलं.

मग लावलं.

मी क्लच दाबला. पहिला पडला. दुसरा असा खरखरला की आईने कानावर हात ठेवला.

"आता तुझा तुलाच शिकावा लागणार," ती म्हणाली.

उतारावर धान्याचा एक ट्रक समोरून आला. चालवणारा ओळखीचा नव्हता. त्याने दोन बोटं उचलली.

आई अजून मधेच अवघडून बसली होती. दर वेळी दांडा तिच्या गुडघ्याला लागत होता.

"सरक की तिकडे आई. जागा आहे."

तिने हातमोजा काढला आणि दाराकडच्या सीटवर तळवा टेकवून ठेवला.

"सरकते," ती म्हणाली. "जरा गार होऊ दे."