वाऱ्याचा आडोसा

नोव्हेंबर लागला की बर्गंडीतल्या त्या पठारावर जो तो शेवंतीची कुंडी घेऊन निघालेला दिसतो. आपल्या माणसाच्या कबरीवर कुंडी ठेवायची, ओल्या फडक्याने दगड पुसायचा, घटकाभर उभं राहायचं आणि घरी येऊन गरम सूप प्यायचं. आन्सेल्म आणि रेमी हे दोघे भाऊ त्या दिवशी याच कामाला निघाले होते. त्यांच्या सायकल मंडळातला जुना सोबती बाझील पठारापलीकडे, सेंत-ओद गावात पुरलेला होता. त्याच्याकडे मोटारीने जाणं बरं दिसलं नसतं. मंडळातल्या माणसाला भेटायला जायचं ते सायकलनेच, असा त्यांचा रिवाज.

रेमी धाकटा. वसंतात त्याची छाती उघडून डॉक्टरांनी हृदय दुरुस्त केलं होतं. आता कुठे त्याला सायकलची मोकळीक मिळाली होती, तीही जपून. त्याची बायको ओदेत दोघांना सोडायला फाटकापर्यंत आली. रेमी पुढे चाकातली हवा बघत होता, तेवढ्यात तिने आन्सेल्मच्या सायकलचं हँडल धरलं.

"भाऊजी, त्याला वाऱ्यात पुढे घ्यायचं नाही."

"नाही घेत गं."

"तुमची ती कोपराची खूण करायची नाही. तुम्ही खूण केलीत की हा मरत असला तरी पुढे येईल. मला ठाऊक आहे ना तुम्हा लोकांची जात!"

"शब्द दिला," आन्सेल्म म्हणाला.

रस्त्यावर सायकल चालवणाऱ्यांचं हे असं असतं. एकजण पुढे राहून वारा फोडतो, दुसरा त्याच्या मागच्या चाकाला आपलं चाक जवळजवळ लावून त्याच्या आडोशात चालतो. मागच्याचे कष्ट कितीतरी कमी होतात. पुढचा दमला की तो नुसतं कोपर बाहेर हलवतो. बोलायचं नाही, मागे बघायचं नाही. मागे बघितलं की सायकल हेलकावते आणि सगळी रांग आडवी होते. कोपर हललं की मागच्याने मुकाट्याने पुढे यायचं, आणि पुढच्याने बाजूला सरून रांगेच्या शेपटाला जायचं. ज्याने आडोसा घेतला त्याने आपली पाळीही द्यायची. आन्सेल्मचं सगळं आयुष्य यात गेलं होतं.

जाताना वारा पाठीशी होता. दोघे गप्पा मारत गेले. बाझीलच्या दगडावर शेवंती ठेवली, रेमीने मृताला दोन सभ्य शिव्या दिल्या, आणि चर्चसमोरच्या झेलीच्या कॉफीच्या दुकानात ते हात शेकायला शिरले.

झेलीने दोघांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "या वयात असल्या घट्ट चड्ड्या! गाईंचं दूध आटेल रे."

"तुझ्या नवऱ्याला एक देऊ का?" रेमी म्हणाला.

"त्याला ती चढवता चढवताच दम निघेल माझा." ती हसली. मग खिडकीबाहेर बघून म्हणाली, "वारा वाढलाय. पठारावरून जाऊ नका. कालव्याच्या कडेने जा. झाडं आहेत, आडोसा आहे."

"तो रस्ता दुप्पट पडतो. अंधार होईल."

"मग होऊ दे की अंधार," झेली म्हणाली. तिने पुढे काही सांगितलं नाही आणि त्यांनीही विचारलं नाही. आन्सेल्मला घाई होती ती ओदेतची. दिवस मावळायच्या आत तिचा माणूस तिच्या दारात न्यायचा, एवढंच त्याच्या मनात होतं. म्हणून त्याने पठाराचा रस्ता धरला.

तो रस्ता रोमन लोकांनी आखलेला, सुतासारखा सरळ. दोन्ही बाजूंना नांगरलेली काळी शेतं, झाड म्हणून नाही. मागे सेंत-ओदच्या जुन्या मठाचा मोडका मनोरा लहान होत गेला. समोरून, जरा डावीकडून, वारा येत होता आणि त्यात बारीक पाऊस. आन्सेल्म मान खाली घालून पुढे राहिला. मागे रेमीचा श्वास ऐकू येत होता, एकसारखा, शांत. तो ऐकून आन्सेल्मला बरं वाटत होतं.

पठाराच्या ऐन मध्यावर मालाद्री आहे. जुन्या काळी गावोगावच्या महारोग्यांना तिथे आणून ठेवत. आता एक छप्पर उडालेलं प्रार्थनाघर आणि भिंतीचा तुकडा उरलाय. भावांना लहानपणी पाद्रीबाबांनी तिथली हकीकत सांगितली होती. हा रोग लागला की कातडी बधिर होते, विस्तवावर हात पडला तरी कळत नाही. रोगी माणूस जिवंत असतानाच त्याच्यासाठी मरणाची प्रार्थना म्हणत आणि मग त्याला तिकडे पाठवत. त्याच्या हातात एक लाकडी खुळखुळा देत. तो वाजवत चालायचं, म्हणजे लोक दूर होतील. कुणाशी बोलायचं तर वाऱ्याच्या खालच्या अंगाला उभं राहून, म्हणजे आपल्या अंगावरचा वारा त्याला लागणार नाही. आणि कुणी हाताने खूण करून बोलावल्याशिवाय जवळ म्हणून यायचं नाही. त्या माणसांची आन्सेल्मला तेव्हाही कीव आली होती. इतक्या वाऱ्याच्या जागी राहायचं, आणि आयुष्यभर वाऱ्याच्या खालीच उभं राहायचं...

ती भिंत जवळ आली आणि गेली. जराशाने मागून आवाज येऊ लागला. खट्, खट्, खट्. लाकडावर लाकूड आपटावं तसा.

"रेमी, तुझं मडगार्ड सैल झालंय का रे?"

"माझ्या सायकलला मडगार्ड कुठे आहे, दादा?"

वाऱ्याने शब्द फाटून गेले. आन्सेल्मने लक्ष दिलं नाही. त्याच्या मांड्या आता दगडासारख्या झाल्या होत्या. पाऊस डोळ्यांत जात होता. आणि त्या थकव्यात, काही मनात नसताना, त्याचं कोपर हललं. सवयच ती. ओदेतला दिलेला शब्द त्याला आठवला तो कोपर हलून गेल्यावर.

त्याच्या उजव्या अंगाने काहीतरी पुढे सरकलं. उजवीकडे खंदक. त्या बाजूने कधी कुणी पुढे येत नाही.

"रेमी, मागे हो! अरे, मागे हो म्हणतो ना!"

ते पुढे आलंच. आन्सेल्म खाली बघत होता, त्यामुळे त्याला दिसली ती एक करडी, भिजलेली कापडाची कड. आणि एकदम वारा थांबला.

थांबला म्हणजे, दोन्हीकडच्या शेतांत तो घोंघावतच होता. पण आन्सेल्मच्या अंगाला वारा लागेना. इतक्या माणसांच्या मागे तो आजवर चालला होता, पण असा आडोसा त्याला कुणीच दिला नव्हता. खोलीचं दार लावावं तसं झालं. त्या शांततेत एक वास आला, ओल्या गोणपाटाचा, आणि त्याखाली काहीतरी गोडसर, नासलेलं.

मग त्याच्या लक्षात आलं. ओल्या रस्त्यावर पुढच्याच्या चाकातून चिखलपाणी उडतं. तोंडात रेती येते, डोळे भरतात. इथे एक थेंबही उडत नव्हता.

मागून, अगदी जवळून, रेमीचा आवाज आला.

"दादा... पुढे कोण आलंय?"

"तुला... दिसला?"

"माझ्या शेजारून गेला. मला वाटलं, मंडळातलाच कुणी. तोंडावर टोपडं ओढलंय त्याने." रेमी जरा थांबला. "चांगला ओढतोय हं, दादा."

खट्, खट् आता पुढून येत होतं. आन्सेल्मने मान वर केली नाही. वर बघितलं तर काय दिसेल, याची त्याला भीती होती. पण त्याहून मोठी भीती ही, की त्या आडोशात त्याला बरं वाटत होतं.

मग पुढच्या करड्या कापडातून एक कोपर बाहेर आलं. हललं. थकलेला माणूस हलवतो तसंच. बाहीच्या टोकाला हात नव्हता, नुसत्या चिंध्या गुंडाळलेल्या होत्या.

"तुझी पाळी, दादा," रेमी म्हणाला.

आन्सेल्म हलला नाही.

"जा की! आडोसा घेतलाय आपण त्याचा. बरं दिसतं का? थांब, मीच जातो..."

रेमी पेडलवर उभा राहिल्याचं आन्सेल्मला आवाजावरून कळलं. त्याची सायकल शेजारी येऊ लागली. "खबरदार!" आन्सेल्म ओरडला, आणि डोळे डावीकडच्या शेतावर रोखून त्याने जोर केला. करडं कापड मागे पडलं. वारा पुन्हा तोंडावर येऊन आदळला.

आता तो पुढे होता. आणि मग त्याला उमगलं, की पाळी देऊन झाल्यावर माणूस रांगेच्या शेपटाला जातो. रेमीच्या मागे.

खट्, खट्. होय, तिकडूनच येत होतं.

थांबावं तर थांबलेल्या माणसांत कोण पुढे अन् कोण मागे, हे राहत नाही. आणि आपण पुन्हा कोपर हलवलं, तर रेमी पुढे येणार, आपण शेवटी जाणार, आणि ते रेमीच्या पाठीशी राहणार... मग त्यानंतर रेमीच त्याला बोलावणार. नको. आन्सेल्मने दोन्ही कोपरं बरगड्यांशी घट्ट दाबून धरली.

"रेमी, बोलत राहा."

"काय बोलू?"

"काहीही बोल. सूप कसलं केलंय ओदेतने?"

"भोपळ्याचं." रेमी बोलू लागला. भोपळ्याबद्दल बोलला, ओदेतच्या बहिणीबद्दल, बाझीलने एकदा सायकलसकट कालव्यात मारलेल्या उडीबद्दल. आन्सेल्म ऐकत होता आणि पाय मारत होता. त्याच्या तोंडाला रक्ताची चव आली. शेवटचा चढ लागला तेव्हा त्याला वाटलं, आता इथेच पडणार. पण रेमीचा आवाज मागून हलका, मजेत येत होता.

"काय गंमत आहे, दादा. चढ लागलेलाच कळत नाहीये."

"बोलत राहा..."

चढ संपला. खाली त्यांच्या गावाचे दिवे नुकते लागले होते. उतारावर चाकं सुटली, आणि चर्चच्या पहिल्या घंटेबरोबर तो खट्-खट् आवाज बंद झाला. आन्सेल्मने तेव्हाही मागे बघितलं नाही. बघितलं ते ओदेतच्या फाटकात पोचल्यावर. मागे एकटा रेमी होता, गाल लालबुंद, हसत. रस्ता रिकामा होता.

ओदेतने नवऱ्याला चाचपलं, तोंड बघितलं, आणि तिचे डोळे भरले. "आणलात हो, भाऊजी. पण तुमची ही काय दशा झाली?"

"वारा होता," आन्सेल्म म्हणाला. त्याला सायकलवरून पाय काढता येत नव्हता. तिनेच धरून त्याला स्वयंपाकघरात नेलं.

चुलीशी बसल्यावर रेमीने ओला सदरा काढला. सुपाचा वाडगा पुढे ओढला.

"दादा, तू ढकललंस म्हणून चढलो रे. चढावर पाठीला हात लावून. लहानपणी ढकलायचास तसा." तो लाजून हसला. "मी काही बोललो नाही. बरं वाटत होतं."

आन्सेल्मने त्याच्याकडे पाहिलं. चढभर तो स्वतः पुढे होता.

ओदेत नवऱ्याच्या मागे उभी होती. तिने टॉवेल उकळत्या पाण्यातून काढून पिळला; तिची स्वतःची बोटं लाल झाली. घडी करून तिने तो त्याच्या पाठीवर, दोन्ही खांद्यांच्या मधोमध ठेवला आणि तळव्याने दाबला. वाफ वर येत होती. टॉवेलच्या कडेने कातडी लाल व्हायला लागली.

"चटका बसत असेल तर सांग हो," ती म्हणाली.

रेमी सुपावर फुंकर घालत होता.

"अगं, ठेव तर आधी."