येडशीच्या बाकावर लावलेला नंबर

लाइट गेली म्हणून मोबाइलच्या बॅटऱ्या पेटवू नका. चार्जिंग संपलं की माझ्याच अंगावर येऊन बसाल. विझवा. ओट्यावर नीट टेका, आणि कृष्णराज, तू पाय वर घे. का ते विचारू नको. घे म्हटलं की घ्यायचे.

तर ही आपल्या शिवराजची गोष्ट. इथं वाशीच्या बाजारामागं त्याची पिठाची गिरणी आहे, तुमच्या घरचं दळण तिथंच जातं. पंचेचाळिशीचा गडी. लग्न राहून गेलं, आई होती ती गेली, आता गिरणीमागच्या दोन खोल्या आणि तो. ही गोष्ट त्यानं मला गिरणी बंद करून, पट्टा उतरवून, दार लोटून सांगितली. नाहीतर एरवी तो काय बोलतो ते त्या घरघरीत त्याचं त्यालाही ऐकू येत नाही.

शिवराजला नाद एकच. पुस्तकाचा. माझं काय, मी सातवी नापास. कॅलेंडरच्या मागचं भविष्य सोडलं तर शेवटपर्यंत काही वाचलेलं नाही, आणि तेही फक्त माझ्या राशीचं. पण असले नादिष्ट लोक आपल्या जिल्ह्यात आठ-दहा होते. महिन्याच्या पहिल्या रविवारी ते येडशीच्या रेल्वे स्टेशनवर जमायचे. गाडी पकडायला नाही. बाकावर बसायला! महिन्याभरात घेतलेलं नवं पुस्तक बाकावर मांडायचं, पुढं काय वाचायचं ठरवलंय ते सांगायचं, आणि मग नंबर लावायचे.

नंबर म्हणजे असं. ज्याला ते पुस्तक हवं, त्यानं त्याच्यावर उजवा हात ठेवून म्हणायचं, ‘माझा नंबर.’ मालकाचं वाचून झालं की मालकानं स्वतः त्याच्या घरी जाऊन पुस्तक द्यायचं. कुणाच्या हाती पाठवायचं नाही. आणि एकदा हात ठेवला की माघार नाही. पुस्तक दारात आलं की घ्यायचंच, मग घरात लग्न असो की मयत.

शिवराजच्या पुस्तकावर नंबर लावताना लोक त्याची लई चेष्टा करायचे. प्रत्येक पानात पीठ. अमरसिंह, तो किराणावाला, म्हणायचा, ‘शिवाचं पुस्तक आधी चाळणीनं चाळा, मग वाचा.’ हसायचे सगळे. शिवराज सगळ्यात जास्त हसायचा. महिनाभरात तेवढाच एक दिवस तो माणसांत असायचा.

मग आला ग्रुप. बँकेतल्या सोनालीनं काढला. चांगली पोरगी आहे, तिचा काही दोष नाही. पुस्तक घेतलं की फोटो टाकायचा. खाली सगळ्यांचे अंगठे. वा, मस्त, यादीत टाकलं. कुणी कुणाच्या घरी जायला नको, पेट्रोल जाळायला नको. बाकावर आधी सहा जण राहिले. मग तीन. मग शिवराज.

चोवीस सालचा डिसेंबर. पहिला रविवार. शिवराजनं नवं पुस्तक पिशवीत घातलं, मोटारसायकलला किक मारली आणि तेरखेड्यावरून येडशीला गेला. दिवस कलला होता. त्यानं पुस्तक बाकावर मांडलं आणि वाट बघत बसला. एक गाडी आली, गेली. त्यानं अमरसिंहाला फोन लावला.

“अरे, तू गेलास व्हय तिथं?” अमरसिंह म्हणाला. “ग्रुपवर टाक की फोटू. लगेच अंगठा देतो. गार वाऱ्यात कशाला बसतोस येड्यागत?”

“बरं,” शिवराज म्हणाला.

फोटो मात्र त्यानं काढला नाही. पुस्तकावर आपलाच हात ठेवून बसून राहिला. अंधारून आलं तसे फलाटावरचे दिवे लागले.

“नवं घेतलंय व्हय?”

बाकाच्या दुसऱ्या टोकाला एक म्हातारा बसला होता. डोक्याला मफलर, अंगात बंडी, मांडीवर वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी. कधी येऊन बसला, शिवराजला कळलं नाही.

“व्हय काका. विहिरी खांदणाऱ्या लोकांवर हाय.”

“मंजी पाणी लागलं का न्हाय ते शेवटाला कळणार.” म्हातारा खुदकन हसला. “बराय. लावा माझा नंबर.” आणि त्यानं पुस्तकावर उजवा हात ठेवला.

शिवराजचा चेहरा काय झाला असेल बघा! किती महिन्यांनी कुणीतरी नंबर लावला होता. त्यानं आपलं नाव सांगितलं, गिरणी सांगितली. म्हातारा म्हणाला, “म्या हरिबा.” गाव विचारलं तर त्यानं नुसतं शेताकडं बोट केलं. मग दोघं बोलत बसले. पुढं काय वाचायचं ठरवलंय, असं शिवराजनं रिवाजाप्रमाणं विचारलं.

“ठरवायला काय, लई ठरवून ठिवलंय,” हरिबा म्हणाला. “आदी हे एक.” त्यानं मांडीवरचं पुडकं थोपटलं. “घेतलं आन् वाचायचंच ऱ्हायलं. समुद्रावर हाय. म्या समुद्र कदी बगितला न्हाय.”

“म्या बी न्हाय काका.”

“मग वाचा की माझ्या मागनं.”

शिवराजनं पुडक्यावर हात ठेवला. “माझा नंबर.”

पुडकं गरम होतं. डिसेंबरातली संध्याकाळ, आणि ते चुलीजवळून उचलल्यागत गरम. धुराचा वासही आला. थंडी आहे, म्हातारा शेकोटीजवळ बसून आला असेल, असं शिवराजला वाटलं.

“हात ठिवलासा,” हरिबा म्हणाला. “आता माघार न्हाय बरं का.”

“न्हाय काका.”

“वाचून झालं की येतो. तवाच तुमचं बी घिऊन जाईन.”

शिवराजनं पिशवी आवरायला मान खाली घातली. वर बघितलं तर बाक मोकळा. त्यानं तेही मनावर घेतलं नाही. वाशीपर्यंत गाणं म्हणत आला. आता त्याचा गळा कसा आहे ते तुम्हाला माहीतच आहे, वाटेतली कुत्रीसुद्धा भुंकायची थांबली असतील.

येळवस, म्हणजे शेतात जेवायला जायची ती अमावस्या, त्या साली डिसेंबरच्या अगदी शेवटी होती. आठवडाभर आधी दगडाबाई दळण घेऊन आल्या. दगडाबाई म्हणजे दवाखान्यात नर्स होत्या त्या. त्या बाकावरच्या सगळ्यात जुन्या. गुडघे गेले म्हणून येडशीला जायच्या थांबल्या. शिवराजनं त्यांना बघितलं आणि दळण टाकायच्या आधीच सुरू झाला.

“मावशी, बाकावर नवा माणूस आला! हरिबा म्हणून. म्हाताराय, पण काय बोलतो!”

दगडाबाईंनी बाजरीचा डबा खाली ठेवला.

“डोस्क्याला मफलर?”

“व्हय.”

“हसला की खुदकन हसतो?”

“तुमी वळखता व्हय?”

“शिवा, म्हाताऱ्या बाईची चेष्टा करायची न्हाय.”

“चेष्टा कशाला करू? त्येंनी नंबर बी लावला. म्या बी लावला त्येंच्या पुस्तकावर. समुद्रावर हाय कायतरी...”

दगडाबाई पोत्यावर बसल्या. शिवराजनं गिरणी बंद केली.

“तो बाक हरिबानंच सुरू केला व्हता,” त्या म्हणाल्या. “तू यायच्या आदी. मग जो तो आपल्या कामाला लागला. शेवटाला एकलाच बसायचा. असल्याच थंडीत ताप भरला आन् गेला. उशाला पुस्तक व्हतं. नवं. एक पान वाचलं नव्हतं. म्याच सरणावर ठिवलं, त्येच्या छातीवर. समुद्रावरचं व्हतं, शिवा.”

शिवराजनं उजवा हात विजारीला पुसला.

“नंबर मागं घिता येतो का, मावशी?”

“म्या तरी कुणी घेतल्याला बगितला न्हाय.”

पुढचे दिवस शिवराजनं कसे काढले, विचारू नका. दाराला लिंबू-मिरची. उंबऱ्यावर राख. तीन रात्री अमरसिंहाच्या दुकानात साखरेच्या पोत्यावर झोपला. चौथ्या दिवशी अमरसिंहानं विचारलं, “गड्या, मुंग्या तुला चावत्यात का साखरेला?” खरं सांगितलं तर गावभर हसू होणार. शिवराज घरी परतला.

आणि येळवस आली.

सकाळी वाशी रिकामी झाली. सगळे शेतात, पूजेच्या कडब्याच्या कोपीजवळ, जेवायला भज्जी आणि आंबील. दगडाबाईंच्या लेकानं शिवराजलाही नेलं. लेकरं खेळली, बायकांनी गाणी म्हटली. तो एका कडेला बसून जेवला. दिवस मावळला तसा ज्याचा तो आपल्या घरच्यांना घेऊन निघाला. शिवराज एकटा घरी आला. गल्ली चिडीचूप. दिवसभर उन्हात फिरून गाव लवकर निजलं होतं. वर चंद्राचा पत्ता नाही. अमावस्या.

त्यानं कडी लावली. विहिरींचं पुस्तक टेबलावर होतं. केव्हाच वाचून झालेलं. दिवा मालवला. गोधडी डोक्यावरून घेतली.

झोप लागली नाही.

अर्धी रात्र झाली असेल. गल्लीत वहाणा वाजल्या. सावकाश. पाय ओढत येणाऱ्या माणसाच्या.

दारापाशी थांबल्या.

टक... टक.

शिवराज हलला नाही.

“शिवराजराव...”

धुराचा वास आला. फटीतून.

“वाचून झालं बगा.”

शिवराजनं गोधडीचं टोक दातात धरलं. श्वास दाबला. एक टक... परत एक टक. मग काही नाही. लई वेळ काही नाही.

“घ्यायचं न्हाय व्हय?”

आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं, असं शिवराज मला म्हणाला.

“...बरं.”

वहाणा वळल्या. लांब जायला लागल्या.

आता पोरांनो, तुम्ही असता तर देवाचं नाव घेऊन झोपला असता. मीही झोपलो असतो. पण ते ‘बरं’ शिवराजच्या ओळखीचं होतं. तेच त्यानं येडशीच्या बाकावरून फोनवर म्हटलं होतं. तो उठला. कडी काढली.

“काका! थांबा... माझा नंबर हाय.”

गल्लीत अंधार. कुणी नाही.

त्यानं दोन्ही हात पुढं केले. डोळे मिटले.

हातावर वजन आलं. गरम. पुस्तकाएवढं.

त्यानं ते छातीशी धरलं. डोळे उघडायची हिंमत नव्हती. बाहेर काही वाजलं नाही. कुत्रं नाही. वारं नाही.

आणि पाठीमागं... घराच्या आतून...

“माझ्या नंबराचं कुठं हाय?”

शिवराजनं मान वळवली नाही. उंबऱ्यावर उभा होता, तसाच खाली बसला.

“टेबलावर,” तो म्हणाला. “टेबलावर हाय, काका.”

खुर्ची सरकली.

मग एक पान उलटलं... थांबलं... दुसरं उलटलं.

असं रात्रभर.

शिवराज घराकडं पाठ करून बसून राहिला. छातीशी ते गरम वजन. म्हणतो, पहिला तास जीव जातो की काय असं झालं. नंतर भीती नव्हती असं नाही. पण आई गेल्यापासून त्या खोलीत रात्री दुसरं कुणी जागं होतं, ते त्याच रात्री. पाठीमागून कुणी खाकरलं की हा दचकायचा. आणि बराच वेळ पान उलटलं नाही, तर त्यानंही दचकायचा.

तांबडं फुटलं. गल्लीत पहिली बादली वाजली. शिवराजनं हातांकडं बघितलं.

काही नव्हतं. बोटं मात्र पुस्तक धरल्यासारखी आकडलेली. सरळ करायला वेळ लागला.

मग तो आत गेला. खुर्ची जाग्यावर. विहिरींचं पुस्तक टेबलावर मिटलेलं. मध्ये काहीतरी घातलं होतं. इथवर वाचलं, अशी खूण करतात ना, तसं. त्यानं उघडून बघितलं.

ज्वारीचं पान. हिरवंगार. दहिवराचे थेंब अजून अंगावर.

ते पुस्तक त्या टेबलावरच आहे. शिवराज ते हलवत नाही, दुसऱ्या कुणाला नंबर लावू देत नाही. खुर्चीही कुणाला देत नाही. मी एकदा मुद्दाम बसायला गेलो, तर पोरानं माझ्या वयाचा मुलाहिजा न ठेवता दंडाला धरून उठवलं. दाखवतो मात्र. आता सव्वा वर्ष होऊन गेलं. ज्वारी निघाली, कडबा झाला, परत पेरली, परत निघाली.

मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा ते पान पुस्तकाच्या सुरुवातीला होतं. गेल्या येळवशीला मध्यावर होतं. काल दळण आणायला गेलो, तेव्हा परत बघितलं.

शेवटची चार पानं राहिलीत.

आणि ते अजून ओलं आहे.