वाट हेमांगीची

प्रशिक्षण प्रयोगशाळेच्या भिंतीवर हेमांगी वाळिंबेचा हसरा फोटो होता. खाली लिहिलं होतं, ‘आदर्श मुख्याध्यापिका’. समोरच्या खुर्चीत आडव्या झालेल्या मुख्याध्यापिका कुंदा ठोसर यांच्या पोटात दुखत होतं आणि हे दुखणं डॉक्टरांना सांगण्यासारखं नव्हतं. काल-परवापर्यंत ही बाई त्यांच्या शेजारच्या वर्गावर शिकवत होती. आता तिच्या शाळेचा पट वाढत होता, कुंदाबाईंचा घसरत होता आणि तिचं डोकं म्हणे राज्यभर वाटायचं होतं.

“निर्णयरोपणात नक्की काय रोपता?” त्यांनी डॉ. मुलाणींना विचारलं.

“आठवणी नाही, फक्त सवय. पेच पडला की वाळिंबेबाईंचं मन ज्या वाटेनं उत्तर शोधतं, ती वाट.”

“आणि माझी वाट?”

“ती बुजते. एका कामाला मेंदू दोन वाटा ठेवत नाही. मॅडम, तुमचं काही वाईट चाललेलं नाही. पुन्हा विचार करा.”

“तिच्याइतकं चांगलंही नाही ना? करा सुरू.”

सोमवारी परिपाठ संपतो न संपतो तोच चित्रकलेच्या बाई तणतणत आल्या. गणिताच्या सरांनी पुन्हा त्यांचा तास परस्पर घेतला होता. मागोमाग सरही आले. म्हणाले, “चित्रं काढून दहावी पास होतात का पोरं?”

कुंदाबाई मनातल्या मनात खूश झाल्या. आता हेमांगीचं गुपित कळणार होतं. वाट उघडली आणि मनात अगदी स्पष्ट प्रश्न उमटला, ‘इथे कुंदाताईंनी काय केलं असतं?’

कुंदाबाई उत्तराची वाट बघत राहिल्या. उत्तर येईना. हेमांगीनं कुंदाताईंना वर्षानुवर्षं शेजारून पाहिलं होतं. कुंदाबाईंनी स्वतःला कधी पाहिलंच नव्हतं. त्या फक्त करून मोकळ्या व्हायच्या.

दोघांना बसवून त्या व्हरांड्यात गेल्या आणि त्यांनी फोन लावला. “हेमांगी, गणिताच्या सरांनी चित्रकलेचा तास परस्पर घेतला, की मी पूर्वी काय करायचे गं?”

“सोपं आहे ताई. तुम्ही सरांनाच त्या तासाला बाकावर बसवून मुलांबरोबर चित्र काढायला लावलं असतं. परत तास घ्यायची त्यांची छाती झाली नसती.”

कुंदाबाईंना ते मनापासून पटलं. आणि हे इतक्या सहज सुचणाऱ्या त्या जुन्या कुंदा ठोसरचा त्यांना असा हेवा वाटला, की तसा हेमांगीचासुद्धा कधी वाटला नव्हता.