झोर्नित्साचा बेचाळीस दिवसांचा सराव

विश्वास ठेवा, नका ठेवू. मी त्या घरात होतो, म्हणून सांगतोय.

बल्गेरियातलं रूसे शहर. २०१६ चा फेब्रुवारी. राडोस्लाव माझ्या बायकोचा भाऊ, ट्रॉलीबसच्या डेपोत मेकॅनिक. त्याची बायको कधीच वारलेली. घरात तो आणि सतरा वर्षांची झोर्नित्सा, दोघंच.

पोरगी पियानो वाजवायची. सोफियातल्या संगीत महाविद्यालयाची प्रवेश परीक्षा बेचाळीस दिवसांवर आली होती. तिला पियानो शिकवणाऱ्या गेनोवाबाईंनी परीक्षेत वाजवायची रचना चाळली आणि म्हणाल्या, "पहिली दोन पानं तुला सोपी. तिसरं मात्र रडवेल. डाव्या हाताला नुसत्या उड्या आहेत. त्या एका पानाला सोळा दिवस दे."

झोर्नित्साने तसा तक्ता केला. कुठल्या दिवशी कुठल्या ओळी, किती सावकाश. पेन्सिलीने लिहून पियानोवर चिकटवला.

दुसऱ्या दिवशी बर्फावरून घसरलेल्या एका व्हॅनने तिला उडवलं.

जागीच गेली.

दफन झालं. पुढच्या सोमवारी दुपारी सव्वाचारला राडो एकटाच बसला होता. आणि...

पियानोच्या खोलीच्या बंद दाराआड कुणीतरी चार ओळी वाजवल्या. अगदी सावकाश.

त्याने धावत जाऊन दार उघडलं. आवाज थांबला. आत कुणी नव्हतं.

मंगळवारी पुढच्या चार ओळी.

राडोला सूर कळत नव्हते, पण तक्ता वाचता येत होता. रोज तक्त्यात होतं तेवढंच वाजत होतं. त्याने पुन्हा दार उघडलं नाही. सव्वाचार झाले की दाराबाहेर स्टूल टाकून बसायचा.

तक्त्याच्या तिसाव्या दिवशी तो गेनोवाबाईंना घेऊन आला. बाई अंगातला कोटही न काढता ऐकत उभ्या राहिल्या.

"चौथं बोट उशिरा पडतंय," त्या पुटपुटल्या. "याच्यावरून किती रागावले होते मी... तीच आहे रे."

"बाई, अजून किती दिवस पुरेल हे?"

"तक्त्यात बघ. बारा."

"बाराच? नाही, नाही. ही रचना अवघड आहे म्हणा ना, बाई! वर्ष लागतं म्हणा!"

बाई तशाच कोटात निघून गेल्या.

त्या संध्याकाळी राडोने खोडरबर घेतलं. उरलेले दिवस पुसले आणि लिहिलं, 'तिसरं पान पुन्हा. सावकाश.'

दुसऱ्या दिवशी तिसरं पान पुन्हा वाजलं.

सावकाश.

राडो हसला. पोर गेल्यापासून पहिल्यांदाच.

पोर गेल्याच्या चाळिसाव्या दिवशी माझ्या बायकोने रिवाजाप्रमाणे तिच्या नावाने चर्चमध्ये न्यायला गहू उकडले. राडो खेकसला, "माझी पोर घरात सराव करतेय. तू कुणाचे गहू उकडतेस?"

मार्च संपला. एप्रिल अर्धा झाला. तो पुसत होता, लिहीत होता.

मग आवाज बदलला. आधी चुका व्हायला लागल्या. मग ओळी मध्येच तुटायला लागल्या. शेवटी शेवटी तर एकच सूर... पुन्हा... पुन्हा...

गेनोवाबाई त्याच्यावर कडाडल्या. "बसलेली रचना नुसती घोटत राहिलं की वाजवणाराच मोडतो! किती राबवशील पोरीला? सोड आता!"

राडो हमसून हमसून रडला. मग तक्त्यावर लिहिलं, 'सगळं. एकदाच.'

दुसऱ्या दिवशी त्याच्या सोबतीला मी होतो. स्वयंपाकघरात चहा टाकत होतो.

सव्वाचार.

पहिलं पान. दुसरं. तिसरं... एकही चूक नाही. शेवटचा सूर विरला.

खुर्ची सरकली.

मग पावलं... दाराकडे येणारी.

राडो उठला. अडीच महिने हा माणूस तिच्यासाठी तळमळला होता. त्याने दोन्ही हातांनी दाराचं हँडल पकडलं...

आणि दार घट्ट बंद धरून ठेवलं.

किती वेळ गेला, ठाऊक नाही. त्याने दार उघडलं तेव्हा आत कुणी नव्हतं. पियानो पुन्हा कधीच वाजला नाही.

राडो आता थकलाय. भेटला की दुसरं काही विचारत नाही.

"मी का धरलं रे दार? पण हँडल हललंच नव्हतं ना? भासच होता ना मला?"

"भासच," मी म्हणतो.

पावलं ऐकून मी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा होतो. त्याच्या दोन्ही मुठींसकट ते हँडल खाली आलं होतं.

दोनदा.

हळूच.