वावटळच्या कोपरावरचं ठिगळ

“रेघ चुकली ना? मग रबर नका शोधू. पुढची रेघ शोधा!”

हा आवाज मुलांनी स्वतः कधीच ऐकला नव्हता. तो होता चित्रकार बाईंचा, आणि बाई जाऊन कितीतरी वर्षं झाली होती. पण कॉमिक्सच्या दुकानातले काका तो असा हुबेहूब काढायचे, बारीक, मधेच थोडं खोकत, की मुलांना वाटायचं, आत्ता कपाटामागून बाई येतील. बोटांना शाई लागलेली असेल आणि विचारतील, “काय रे, नवा अंक वाचला का?”

‘वावटळ’ बाईंनीच काढला होता. एकूण सत्तेचाळीस अंक! वाऱ्यावर स्वार होणारा, उंचावरून पडणाऱ्याला वरच्यावर झेलणारा वावटळ. प्रत्येक अंकाच्या शेवटच्या चौकटीत त्याच्या दोन ओळी ठरलेल्या असत:

हाक आली वाऱ्यावरी, निघालो मी झरझरा,
पडेल त्याला झेलावे, एवढाच माझा तोरा!

आणि आता, येत्या शुक्रवारी, वावटळचा सिनेमा येणार होता. सुट्टी होती. दुकानात उपड्या खोक्यांवर चौघांची बैठक भरली होती आणि सिनेमाच्या पोस्टरवरून वाद नुसता पेटला होता.

“चामड्याचा काळा कोट? वावटळला?” भोपू ओरडला. त्याचा आवाज ऐकला की त्याला भोपू का म्हणतात, हे वेगळं सांगावं लागत नसे. “अरे, उडणार कसा तो? घामानंच खाली पडेल!”

“मग त्याला झेलणार कोण?” मुंगी म्हणाली. ती चौघांत सगळ्यात लहान, पण तिच्या नजरेतून काही म्हणता काही सुटायचं नाही.

“सिनेमाला थोडं बदलावंच लागतं गं,” तिची ताई म्हणाली. “कॉमिकमध्ये दोन चौकटींच्या मधे पांढरी पट्टी असते ना, तिथं आपण स्वतः उडतो. सिनेमात ती पट्टीच नसते. सगळं त्यांनाच उडवून दाखवावं लागतं.”

“कोट चालेल एक वेळ,” मास्तर चष्मा वर सरकवत म्हणाला. सगळ्या अंकांचं पानन् पान त्याला पाठ होतं. “पण ठिगळ कुठं गेलं? सातव्या अंकापासून त्याच्या डाव्या कोपरावर ठिगळ आहे. आधीच्या सहा अंकांत नाही. मधे कुठली लढाई नाही, काही फाटलेलं नाही. एकदम ठिगळ! आणि सिनेमात तर तेही गायब.”

“काका, सांगा ना, ते ठिगळ आलं कुठून?” मुंगीनं विचारलं.

“सांगेन कधीतरी,” काका म्हणाले आणि आधीच लख्ख असलेला कप्पा पुसू लागले. हे उत्तरही ठरलेलंच होतं.

काकांच्या मागे भिंतीवर एक मोकळा खिळा होता आणि त्याखाली फिकट चौकोन. तिथं वर्षानुवर्षं बाईंच्या हातचं एक पान टांगलेलं असे. सातव्या अंकातलं, वावटळ कोसळता पूल तोलून धरतो ते. छापलेलं नव्हे, खुद्द बाईंनी काढलेलं! बाकी सगळी पानं छापखान्याच्या रद्दीत गेली होती. राहिलं होतं ते एवढंच. सिनेमावाल्यांच्या प्रदर्शनासाठी ते मागायला जाहिरातवाले साहेब आले, तेव्हा काका चक्क नाही म्हणाले होते. मग मास्तरनंच हट्ट धरला. “द्या ना काका! खरं पान कसं असतं, ते सगळ्यांना बघू दे की!” शेवटी काकांनी पानामागचं बाईंचं पेन्सिलीतलं अक्षर मुलांना दाखवलं आणि पान मऊ फडक्यात गुंडाळून दिलं. देताना त्यांचा हात जरा रेंगाळला होता, हे फक्त मुंगीनं पाहिलं होतं.

“चला रे!” ताई उठली. “प्रदर्शन उघडलं असेल. आपलं पान बघून येऊ!”

सभागृहात पोस्टरं, फुगे, पुठ्ठ्याचा दोन पुरुष उंचीचा वावटळ! आणि मंचाच्या मागच्या भिंतीवर, सोनेरी चौकटीत, काचेआड ते पान. खाली पाटी: ‘मूळ चित्र’.

मुंगी चवड्यांवर उभी राहिली. मग तिनं ताईची बाही ओढली.

“ताई, ठिगळ नाहीये.”

“काहीतरीच काय!”

“तूच बघ! कोपर धुतल्यासारखा स्वच्छ आहे.”

खरंच होतं. मास्तरनं मान तिरकी करून पाहिलं. काकांनी त्यांना शिकवलं होतं, खऱ्या शाईवर तिरका उजेड पडला की ती चमकते. हे पान मात्र भिंतीवरच्या कॅलेंडरसारखं सपाट होतं.

“हे आपलं पान नाही,” तो पुटपुटला.

साहेब फोनवर होते. ते नेहमीच फोनवर असत. एक कान मुलांना देत म्हणाले, “तेच पान आहे रे! जरा सफाई केली, त्याची नवी प्रत काढली. सिनेमातल्या पोशाखाशी जुळायला नको?”

“मग खरं पान कुठाय?”

“असेल की! ऑफिसात असेल, नाहीतर गाडीत. ...हॅलो, हां हां, बोला! ...बाळांनो, फुगे घ्या, मजा करा! पाच वाजता सगळं ट्रकमध्ये जायचंय, पुढच्या गावाला.”

ऑफिसातल्या कारकुनानं कपाटं उघडून दाखवली. ड्रायव्हरनं गाडी उघडून दाखवली. पानाचा पत्ता नाही!

मास्तर पायरीवर मटकन बसला. “मीच मागे लागलो होतो काकांच्या. आता काय तोंड दाखवू?”

“रडायचं ते नंतर,” ताई म्हणाली. “पुढची रेघ शोध! प्रत काढली, मग चौकटीत बसवली. चौकट कुणी केली?”

“खालच्या कोपऱ्यात चिठ्ठी चिकटवलीय,” मुंगी म्हणाली. “तळ्याकाठचं फ्रेमचं दुकान!”

चौघं धूम पळाले.

दुकानात लाकडाचा भुसा नि काचांचा ढीग होता. फ्रेमवाल्या मावशी ओठांत चार बारीक खिळे धरून काम करत होत्या आणि तशाच बोलतही होत्या.

“आले होते ना तुमचे साहेब. दोन कागद घेऊन. एक गुळगुळीत, एक जाडा. म्हणाले, नवा पुढे लावा. मी विचारलं, आणि जुन्याचं काय करू? तर फोनवर बोलता बोलता नुसता हात हलवला. असा! आता याचा अर्थ मी काय काढायचा?”

“टाकून दिलात?” मास्तरनं घाबरून विचारलं.

“टाकते कशाला! एवढा सुरेख कागद! नवा कागद काचेत सैल पडत होता, हलत होता. जाडा त्याच्या पाठीमागे घातला आणि बघ, कसा घट्ट बसला!”

मग भोपूनं अशी आरोळी ठोकली की मावशींच्या तोंडातले खिळे खाली पडले.

“म्हणजे आपण त्याच्या समोर उभं राहून त्यालाच शोधत होतो!”

धापा टाकत चौघं परतले. पण साहेब ऐकतील तर ना! “चौकट उघडायची? खुळे आहात का? चार वाजता दिग्दर्शक येणार आहेत. खबरदार कुणी हात लावलात तर!”

घड्याळात तीन वाजून गेले होते. ताईनं तिघांना पुठ्ठ्याच्या वावटळमागे ओढलं. “आपण सांगून ते उघडणार नाहीत. मग असं करू, त्यांनाच उघडायला लावू. मुंगी, काकांना बोलावून आण. भोपू, तू मावशींना. आणि मास्तर, तुला बोलायचंय.”

“सगळ्यांसमोर? मी?”

“पाठांतर कुणाचं आहे? माझं?”

चार वाजता सभागृह खचाखच भरलं. दिग्दर्शक मंचावर बसले, शेजारी साहेब. चाहत्यांचे प्रश्न सुरू झाले. वावटळला आवाज कुणाचा? दुसरा भाग कधी? एक आजोबा म्हणाले, कॉमिक चार दिवस पुरवून वाचता येतं, सिनेमा दोन तासांत संपतो, हा कुठला न्याय? सगळे हसले.

मग भोपू उठला. त्याला माइक लागला नाही. “वावटळच्या कोपरावरचं ठिगळ का काढलंत?”

“ठिगळ?” दिग्दर्शक गोंधळले. “कुठलं ठिगळ?”

साहेबांनी घाईघाईनं माइक ओढला. “ते नंतर कुणीतरी घुसडलेलं हो! हे बघा, मागे मूळ चित्रच लावलंय. आहे का ठिगळ? नाही!”

आता मास्तर उठला. त्यानं मागे पाहिलं. दारात काका उभे होते, खांद्यावर दुकानातलं फडकं तसंच.

“ते नक्की मूळ चित्र आहे?” त्यानं विचारलं.

“शंभर टक्के!”

“मग त्याच्या पाठीमागे बाईंच्या अक्षरात पेन्सिलीनं लिहिलेलं असेल. ‘अंक सात, पान बारा.’ दाखवता का?”

साहेबांनी घाम पुसला. “आता वेळ कुठाय...”

“दाखवा! दाखवा!” सभागृह दुमदुमलं.

“दाखवा की,” दिग्दर्शकही म्हणाले. “मलाही पाहायचंय.”

“मी उघडते!” फ्रेमवाल्या मावशी पेचकस उगारत मंचावर चढल्या. “माझ्या हातानं बसवलंय, माझ्याच हातानं निघेल.”

एक पेच, दोन पेच, तीन, चार. गुळगुळीत कागद अलगद सरकून बाजूला पडला. त्यामागे जाडा, जरा पिवळसर कागद. कोसळता पूल, वर उचललेला हात, आणि डाव्या कोपरावर काळंभोर ठिगळ! उजेड पडला तशी शाई ओली असल्यासारखी चमकली. पाठीमागे पेन्सिलीत: अंक सात, पान बारा.

टाळ्या काही केल्या थांबेनात! साहेबांचे कान लालबुंद झाले. पहिल्यांदाच त्यांनी फोन खिशात घातला. मंचावरून उतरून त्यांनी पान दोन्ही हातांनी काकांना दिलं. “चुकलो मी. ऐकूनच घेतलं नाही पोरांचं.”

“ही पोरं नसती तर आम्ही हे पान गावोगाव हिंडवलं असतं आणि कुणालाच कळलं नसतं,” दिग्दर्शक म्हणाले. त्यांनी चौघांना मंचावर बोलावलं. “शाब्बास! सिनेमा पाहणारे खूप भेटतात, चित्र इतकं निरखून पाहणारे क्वचितच. आता हा सिनेमा तर तयार झाला, पण दुसऱ्या भागात ठिगळ येणार म्हणजे येणार. फक्त एक सांगा, ते आलं कुठून?”

“तेच तर!” मुंगी म्हणाली. “काका सांगतच नाहीत.”

सगळ्या माना काकांकडे वळल्या. काकांनी फडकं खांद्यावरून काढलं. पुसायला जवळपास काहीच नव्हतं. मग त्यांचं लक्ष मास्तरकडे गेलं. तो अजून खालीच बघत होता.

“वर बघ रे,” काका म्हणाले. “तुझं काही चुकलं नाही. चूक माझी होती, फार जुनी. तेव्हा मी छापखान्यात होतो. पानाचा फोटो काढून त्यावरून छपाईचा पत्रा बनवायचा, हे माझं काम. त्या दिवशी बाही अडकली आणि शाईची बाटली कलंडली. याच पानावर. तासाभरात पान छपाईला जायचं होतं. मालकांची पावलं जिन्यात वाजत होती. बाईंनी डागाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, लेखणी उचलली आणि डागाभोवती टाके घातले. सात टाके. मालक आत आले तर म्हणतात कशा, ‘वावटळचा सदरा फाटलाय, ठिगळ लावलंय मी.’”

काकांनी पानावरच्या त्या टाक्यांवर बोट ठेवलं.

“एकाच अंकात दिसलं तर लोक त्याला डाग म्हणतील, म्हणून पुढचे चाळीस अंक त्या ते ठिगळ काढत राहिल्या. एकदाही विसरल्या नाहीत. आणि मी मात्र लाजेपायी कुणाला बोललो नाही.”

काकांनी पान छातीशी धरलं.

“पडलो मी होतो, पोरांनो. झेललं त्यांनी.”