उचललेली कड

सागरी संग्रहालयाच्या तळमजल्यावर, मोडीत काढलेल्या एका मालवाहू जहाजाची केबिन जशीच्या तशी मांडली होती. झोपायचा एक अरुंद बंक, एक कपाट, गोल खिडकी. डागडुजीचं काम थोरलीकडे आलं, कारण ती तिथं नोकरीलाच होती. केबिन तिच्या बाबांची निघाली, हा निव्वळ योगायोग. एका वादळानंतर जहाज परत आलं होतं, बाबा आले नव्हते.

गेला महिनाभर थोरलीचं डोकं फिरायची वेळ आली होती. संध्याकाळी सपाट घातलेली गादी सकाळी बाहेरच्या कडेनं उचललेली असायची आणि खाली लाइफ जॅकेट कोंबलेलं.

"माझ्या नावावर बिल फाडू नका," पहारेकरी म्हणाला. "किल्ली तुमच्याचकडे असते."

उद्या केबिनला काच बसणार होती, म्हणून जेवणाच्या सुट्टीत तिनं आईला आणलं. आई अजून रोज बाबांचं अंथरूण घालायची. ते बघणं थोरलीला सोसवत नव्हतं. रिकामा बंक एकदा डोळ्यांनी पाहिला की आईची समजूत पटेल, एवढीच तिची आशा होती.

उचललेली कड पाहून आई चक्क हसली.

"घरीसुद्धा उशी अशीच कोंबायचे. म्हणायचे, समुद्र खवळला की माणूस गडगडतो, अशी खाच केली की भिंतीला लागून निवांत झोप. तुम्ही दोघी मुली त्या खाचेत घुसायचात. आठवतं?"

आठवत होतं. बाबांच्या सदऱ्याचा तंबाखूचा वास, धाकटीचे गार पाय, तिघांची ढकलाढकली.

"आई, ते नाहीयेत गं आता."

"जरा पडते. मग बोलू."

आईपुढे कुणाचं काही चालत नसे. थोरलीनं जॅकेट ओढून काढलं, गादी नीट केली, आईला निजवलं आणि जॅकेट काखेत मारूनच पाणी आणायला गेली.

परत आली तेव्हा जॅकेट काखेतच होतं.

गादीची कड उचललेली होती.

आई डोळे मिटून भिंतीकडे कलंडली. मग कडेकडे. मग पुन्हा भिंतीकडे, सावकाश.

"आई?"

"आज घरी त्यांचं अंथरूण नको," आई डोळे न उघडता म्हणाली. "माझंही नको."

थोरली तिला उठवायला पुढे झाली, आणि केबिनची जमीन एका अंगाला कलली; तोल सावरायला तिला दाराची चौकट धरावी लागली.